एका टेम्पोच्या मालाला कंटेनर

रात्रीचे पावणेअकरा. कॉलेजच्या प्रवेशअर्जांचा शेवटचा दिवस, बाराला मुदत संपणार, आणि अर्जाचं पान काही केल्या उघडेना. तिकडच्या हेडक्लार्कसाहेबांचा चौथा फोन वाजत असताना मी सर्व्हरवर शिरलो. डिस्क शंभर टक्के भरलेली. लिहायला जागा नाही म्हणून डेटाबेसने मान टाकलेली. शोधता शोधता ३८ जीबीची एकच फाइल सापडली, डॉकर या सॉफ्टवेअरच्या फोल्डरात खोल, चौसष्ट अक्षरांच्या अगम्य नावाखाली. आमच्याच ॲप्लिकेशनचा लॉग, म्हणजे चालता चालता लिहिलेली रोजनिशी, होता तो. डॉकर ॲप्लिकेशनला ‘कंटेनर’ नावाच्या पेटीत बंद करून चालवतो. कंटेनर जे जे बडबडेल ते डॉकर एका फाइलीत उतरवत जातो, आणि किती झालं की थांबायचं हे तुम्ही सांगितलं नसेल तर डिस्क संपेपर्यंत उतरवतच राहतो. फाइल रिकामी केली, डेटाबेस उठवला, अकरा दहाला पान उघडलं. कॉलेजने मुदत दोन दिवस वाढवली म्हणून अब्रू वाचली.

हेच ॲप्लिकेशन त्याआधी चार वर्षं त्याच सर्व्हरवर साध्या पद्धतीने चाललं होतं. तेव्हा त्याची बडबड सिस्टमडी या लिनक्सच्या कारभाऱ्याच्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, जायची. ते जर्नल डिस्कच्या दहा टक्क्यांपलीकडे वाढत नाही, आणि कितीही मोठी डिस्क असली तरी ४ जीबीला थांबतं. हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं. माहीत असायची गरजच पडली नव्हती. सगळं कंटेनरवर न्यायचं हा निर्णय महिनाभर आधीचा, आणि तो घेणारा मीच. का, म्हणून कोणी विचारलं असतं तर ‘आता सगळे डॉकरवरच असतात’ यापुढे मला काही सांगता आलं नसतं.

डॉकरची लॉगमर्यादा ठरवायला दोन ओळी पुरतात. ‘दोन ओळींचं काम, त्यासाठी एवढा आकांत कशाला?’ असं म्हणणारे मित्र मला आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. पण डॉकरबद्दलची प्रत्येक तक्रार दोन ओळींचीच असते. लॉगच्या दोन ओळी, फायरवॉलच्या दोन, मेमरीच्या दोन, डेटाबेस तयार व्हायच्या आत ॲप्लिकेशन धावत सुटू नये म्हणून आणखी चार. ओळी लिहायला वेळ लागत नाही. त्या लिहायला हव्यात हे कळायला मात्र एकेक रात्र जाते.

आता हा कंटेनर म्हणजे काय चीज आहे तेही बघू. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, कंटेनर नावाची वस्तूच नाही. एखाद्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, ‘एवढंच फोल्डर म्हणजे तुझं जग’ असं सांगायची सोय युनिक्समध्ये १९७९ पासून आहे. फ्रीबीएसडी या युनिक्सच्याच भावंडाने २००० साली त्याचा पक्का तुरुंग केला आणि त्याला नावही ‘जेल’च दिलं. कोणत्या प्रोसेसने किती मेमरी आणि किती सीपीयू खायचा याचं रेशनिंग गूगलच्या इंजिनिअरांनी लिहिलं, ते जानेवारी २००८ मध्ये कर्नलात आलं. म्हणजे भिंती आधीच बांधलेल्या होत्या. मार्च २०१३ मध्ये डॉकरचा जनक सॉलोमन हाइक्स याने सांता क्लारातल्या पायकॉन या पायथनवाल्यांच्या संमेलनात पाच मिनिटांत डॉकर दाखवला, तेव्हा त्यात नवं काय होतं? पार्सल. ॲप्लिकेशन, त्याच्या लायब्रऱ्या, त्याला लागणारं निम्मं लिनक्स, सगळं एका इमेजमध्ये बांधायचं आणि एका कमांडने कुठेही पाठवायचं. डॉकरची खरी कमाई ही बांधाबांध आहे. ‘आमचं ॲप्लिकेशन सुरक्षित राहावं म्हणून डॉकर’ असं कोणी सांगतं तेव्हा मी गप्प बसतो, पण मनात हिशोब वेगळा चालू असतो.

आणि पार्सलच म्हणायचं तर मूळ कंटेनरकडे बघायला हवं, कारण डॉकरने नावही तिकडूनच घेतलंय आणि बोधचिन्हातला देवमासाही पाठीवर कंटेनर घेऊनच फिरतो. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकवाल्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. त्या पेट्यांत जादू काही नव्हती. ट्रकवरून जहाजावर आणि जहाजावरून पुन्हा ट्रकवर जाताना पेटी उघडायची नाही, एवढीच गोष्ट. तोवर प्रत्येक बंदरात प्रत्येक गोणी हमालाच्या पाठीवरून जायची. वाहन जितक्या वेळा बदलेल तितकी बचत. नाशिकची द्राक्षं शीतकक्षातून गार कंटेनरमध्ये जातात, तिथून रस्त्याने न्हावा-शेवा, मग बोट, मग रॉटरडॅम, मग तिथला ट्रक. तीन-चार वेळा हात बदलतात आणि त्यासाठी एकदाही दार उघडावं लागत नाही. तिथे कंटेनर सोन्याचा. पण नारायणगावचा टोमॅटो क्रेटमध्ये भरून रात्री टेम्पोने वाशीला जातो. एकदा चढवला, एकदा उतरवला. त्यासाठी कोणी चाळीस फुटी कंटेनर मागवत नाही, कारण तो उचलायला क्रेन लागते, आणि क्रेन उभी करायला बंदर.

तेव्हा माझा प्रश्न एवढाच असतो: तुमचं ॲप्लिकेशन किती वेळा हात बदलतं?

आमच्यासारख्या तीन माणसांच्या सॉफ्टवेअरच्या दुकानात उत्तर बहुतेक वेळा ‘एकदा’ असं येतं. लॅपटॉपवरून सर्व्हरवर. लिहिणारा तोच, चढवणारा तोच, रात्री फोन घेणारा तोच. मोठ्या कंपनीचं गणित उलटं आहे. गूगलने २०१४ मध्येच सांगितलं होतं की त्यांच्याकडे आठवड्याला २०० कोटींहून अधिक कंटेनर सुरू होतात. तिथे कोड लिहिणारा बसतो एका इमारतीत, मशिनी सांभाळणारा दुसऱ्या खंडात, आणि दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. अशा दोघांत करार हवा आणि कंटेनर हा तो करार आहे: आत काय आहे ते मी बघतो, बाहेर काय आहे ते तू बघ. गुंतागुंत अशाने घटत नाही. ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. दुसऱ्या खात्यात ती सांभाळायला पगारी माणसं असतील तर सौदा उत्तम. आमच्या दुकानात दुसरं खातंच नाही. या खिशातलं त्या खिशात घालायचं आणि वर खिसा शिवायची मजुरी द्यायची.

ही मजुरी कुबरनेटिसमध्ये, म्हणजे अनेक मशिनींवरचे कंटेनर एकत्र हाकणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळ्यात चढी. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. कोकणच्या किनाऱ्यावर म्हणाल तर तांडेल. पन्नास जहाजांच्या ताफ्याला तांडेल लागणारच, वाद नाही. पण तळ्यातल्या होडीला? कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीला साधारण चौदा महिने दुरुस्त्या मिळतात. म्हणजे तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये एक अक्षर बदललं नाही तरी वर्षाला एकदा खालची जमीन बदलायचीच. २०२१ मध्ये १.२२ आलं आणि इन्ग्रेसची, म्हणजे बाहेरची रहदारी आत वळवणाऱ्या नियमांची, जुनी बीटा लेखनपद्धत बंद झाली. फाइली होत्या तशा होत्या, नवं क्लस्टर, म्हणजे मशिनींचा नवा ताफा, त्या घेईना. अमेझॉनकडे तयार क्लस्टर घेतलंत तर नुसत्या नियंत्रणाचे तासाला १० सेंट, महिन्याचे ७३ डॉलर, म्हणजे सहा हजारांच्या वर रुपये. अजून तुमची एक ओळही चाललेली नाही. आणि जुन्या आवृत्तीवर रेंगाळलात तर तासाला ६० सेंट. स्वतः उभं करायचं म्हटलं तर कुबरनेटिसचे कागद सांगतात, प्रत्येक मशिनीत किमान २ जीबी मेमरी ठेवा. आमच्या कॉलेजचा अख्खा सर्व्हरच २ जीबीचा होता आणि त्यावर डेटाबेससकट सगळं निवांत बसलं होतं.

फायरवॉलचं मघाशी नुसतं नाव घेतलं, पण ते दोन ओळींवर सोडून देण्यासारखं नाही. उबुंटू या लिनक्सवर यूएफडब्ल्यू नावाचा चौकीदार असतो. त्याला आपण सांगतो, २२, ८० आणि ४४३ ही पोर्ट, म्हणजे दारं, सोडून कुणालाही आत घेऊ नकोस. मग डॉकरमध्ये रेडिस हा छोटा डेटाबेस लावतो आणि लिहितो, ६३७९ पोर्ट उघड. आपल्या मनात असतं, उघड म्हणजे याच मशिनीवरच्या ॲप्लिकेशनसाठी. डॉकरला कळतं, उघड म्हणजे जगासाठी. तो कर्नलच्या नियमांत स्वतःची ओळ घालतो, आणि बाहेरून आलेलं पॅकेट चौकीदार बसलेल्या दारातून न येता बाजूच्या बोळातून थेट कंटेनरमध्ये जातं. चौकीदाराला विचारा, तो म्हणतो, ६३७९ बंद आहे. त्याच्या बाजूने तो खरंच बोलतो. डॉकरच्या कागदांत हे सगळं लिहिलेलं आहे, लपवलेलं काही नाही. पोर्टच्या आधी १२७.०.०.१, म्हणजे ‘फक्त हीच मशीन’, लिहिलं की प्रश्न मिटतो. पण डॉकरचा पहिला धडा गिरवणाऱ्या मुलाने हे पान उघडलेलं नसतं, आणि बिनपासवर्डाचं रेडिस शोधत इंटरनेटभर फिरणारे बॉट रात्री झोपत नाहीत.

दुरुस्त्यांचंही तसंच. साध्या सर्व्हरवर ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीत भोक सापडलं की उबुंटूची दुरुस्ती आपोआप येते आणि सर्व्हिस पुन्हा सुरू झाल्या की त्या मशिनीवर ती लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्या ॲप्लिकेशनांना लागू पडते. कंटेनरमध्ये प्रत्येक इमेजच्या पोटात तिचं स्वतःचं ओपनएसएसएल असतं. यजमान मशिनीवर कितीही दुरुस्त्या केल्यात तरी पोटातलं तसंच राहतं. इमेज पुन्हा बांधायची, पुन्हा चढवायची, आणि हे करायला कोणाला तरी आठवायला हवं. मोठ्या कंपनीत त्यासाठी स्कॅनर असतात, पाइपलाइन असतात. आमच्याकडे कॅलेंडरमध्ये ‘इमेज बांधणे’ अशी नोंद आहे. ती मी दोनदा पुढे ढकलली आहे.

एवढं सगळं बोलल्यावर समोरच्याच्या हातातला हुकमाचा पत्ता मलाच उघड करायला हवा, कारण तो खरोखर हुकमाचा आहे. साधा सर्व्हर म्हणजे बहुतेक ठिकाणी कोणीतरी हाताने लावलेला सर्व्हर. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाने कुठलं पॅकेज घातलं, कुठल्या फाइलीत काय बदललं, कोणत्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात, काय लपलंय, कोणालाच माहीत नाही. त्या सर्व्हरला हात लावायला सगळे घाबरतात. देवघरातल्या जुन्या टाकासारखा तो नुसता पूजला जातो. डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बांधायच्या सूचनांच्या फाइलीत, निदान लिहिलेलं तरी असतं. मी यावर पूर्वी म्हणायचो की लिहिणं महत्त्वाचं, कंटेनर नव्हे. सर्व्हर लावायच्या कमांड शेलस्क्रिप्टमध्ये लिहा, ॲन्सिबलसारख्या साधनात लिहा. आता तेवढ्या ठामपणे म्हणत नाही. स्क्रिप्ट लिहायला कोणी भाग पाडत नाही, म्हणून ती कोणी लिहीत नाही. डॉकरफाइल लिहिल्याशिवाय गाडी पुढेच सरकत नाही. सक्तीची शिस्त ऐच्छिक शिस्तीपेक्षा टिकाऊ असते, हे पंधरा वर्षांत मला मान्य करावं लागलंय.

फक्त या शिस्तीकडून जास्तीची अपेक्षा नको. ‘डॉकरफाइल आहे, म्हणजे केव्हाही तोच सर्व्हर पुन्हा उभा राहील’ हे खरं नाही. लोणच्याची बरणी आणि लोणच्याची कृती यांत फरक असतो. बरणी भरून ठेवली तर पुढच्या वर्षीही तीच चव. कृती बघून पुन्हा घातलंत तर कैरी यंदाची, तिखट यंदाचं. इमेज ही बरणी, डॉकरफाइल ही कृती. पहिल्याच ओळीत ‘लेटेस्ट’ लिहिलं असेल आणि खाली ‘ताजी पॅकेजेस आण’ असं असेल, तर सहा महिन्यांनी निघणारी इमेज वेगळी असते. जुनीच आवृत्ती पक्की लिहिली असेल तर चार-पाच वर्षांनी इमेज बऱ्याचदा निघतच नाही, कारण डेबियनसारख्या लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांची पॅकेजेस मुख्य सर्व्हरवरून उचलून संग्रहात टाकलेली असतात. आणि बरणी जपून ठेवा म्हटलं, तर पीएचपी ५.६ ची बरणी मी स्वतः पाहिली आहे. जानेवारी २०१९ नंतर त्या पीएचपीला एकही अधिकृत दुरुस्ती मिळालेली नाही. कंटेनरमध्ये बंद केल्यामुळे ते आजही बिनबोभाट चालतंय, आणि चालतंय म्हणूनच कोणी बदलत नाही.

मग साधं म्हणजे नेमकं कसं, हे नवी मुलं विचारतात, कारण त्यांनी ते पाहिलेलंच नसतं. कॉलेजचं ॲप्लिकेशन मी पुन्हा मागे आणलं. आता त्याचा संसार असा: तारखेच्या नावाचं फोल्डर, त्यात कोड आणि पायथनचं वेगळं एन्व्हायर्नमेंट. ‘चालू’ नावाची एक लिंक, ती आजच्या फोल्डराकडे बोट दाखवते. सिस्टमडीची चौदा ओळींची फाइल. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. नवीन आवृत्ती म्हणजे नवीन फोल्डर, लिंक फिरवली, सर्व्हिस पुन्हा सुरू. बिघडलं तर लिंक कालच्या फोल्डराकडे. हे सगळं पंचवीस ओळींच्या स्क्रिप्टमध्ये आहे आणि स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, आहे. गंमत अशी की त्या चौदा ओळींपैकी एक मेमरीची मर्यादा घालते, एक स्वतंत्र तात्पुरतं फोल्डर देते, एक बाकीची डिस्क फक्त वाचण्यापुरती करते. कर्नलच्या ज्या सोयींवर डॉकर उभा आहे त्याच या. भिंती फुकट मिळतात, पार्सल तेवढं मिळत नाही. ज्यांना वाटतं की हे फक्त खेड्यातल्या कॉलेजापुरतं ठीक, त्यांनी स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची साइट आठवावी: २०१६ मध्ये दिवसाला सुमारे २० कोटी विनंत्या, आणि त्या पेलायला स्वतःच्या मालकीचे अकरा वेब सर्व्हर. विंडोज, आयआयएस, एसक्यूएल सर्व्हर, सगळं मायक्रोसॉफ्टचं. कॉलेजच्या कँटीनमध्ये सांगितलं तर पोरं हसतील असा तो साज.

हसतील, कारण त्यांचंही बरोबर आहे. पुण्यातल्या नोकरीच्या जाहिरातीत सिस्टमडी लिहिलेलं नसतं, कुबरनेटिस लिहिलेलं असतं. दोन वर्षं माझ्याकडे काम करून पोरगी हिंजवडीला मुलाखतीला जाते तेव्हा ‘लिंक फिरवायचो’ म्हणून तिला कोण उभं करील? मी तिला दोष देत नाही. पण मग गावाकडच्या पतसंस्थेचं ॲप्लिकेशन नऊ कंटेनरांत कापलं जातं ते पतसंस्थेच्या गरजेने नव्हे, कोणाच्या तरी बायोडेटाच्या गरजेने. निविदांचंही तेच. मी पाहिलेल्या एका निविदेत दिवसाला दोनशे लोक वापरतील अशा पोर्टलसाठी ‘कंटेनर आणि मायक्रोसर्व्हिस पद्धत अनिवार्य’ असं कलम होतं, आणि बॅकअप परत चढवून दाखवा असं कुठेच नव्हतं. पैसा जनतेचा, आणि तीन वर्षांचा देखभालीचा करार संपला की ते नऊ कंटेनर कोण सांभाळणार, याला निविदेत रकाना नाही. मला खरी चीड या ठिकाणी येते. खाजगी दुकानदाराने हौस करावी, त्याचा खिसा. सरकारी कलम लिहिणाऱ्याने एकदा तरी विचारावं, की बाबा, हात किती वेळा बदलणार आहेत?

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो, आणि दर वेळी उत्तर ‘एकदा’ येत नाही. आमच्या एका पतसंस्थेच्या चौदा शाखा आहेत. घाटाखालच्या काही शाखांत इंटरनेट इतकं बेभरवशाचं की प्रत्येक शाखेत एक छोटा सर्व्हर ठेवून रात्री हिशेब मुख्य शाखेला पाठवावा लागतो. त्या चौदा मशिनी चौदा वेळी घेतलेल्या. एकीवर उबुंटू १८.०४, दोघींवर डेबियन, एकीवर कोणीतरी सेंटओएस घातलेलं. तिथे मी साधेपणाचा हट्ट वर्षभर केला आणि हरलो. प्रत्येक अपडेटला कुठल्या तरी शाखेत पायथनची आवृत्ती वेगळी निघायची. मग सगळीकडे डॉकर घातला, लॉगच्या दोन ओळी सगळ्यात आधी. तेव्हापासून चौदा ठिकाणी एकच वस्तू चालते. कुबरनेटिस तिथेही नाही; चौदा मशिनींची यादी आणि एक स्क्रिप्ट.

पहिली इमेज जवळजवळ १ जीबीची झाली होती. मोबाइलच्या डोंगलवर चालणाऱ्या शाखेत ती रात्रभर उतरत राहिली आणि सकाळी तुटली. पायथनच्या सडपातळ इमेजवर आणून ती २०० एमबीच्या आत बसवली, तरी दोन शाखांना जमेना. शेवटी इमेज फाइलीत उतरवून पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह पाकिटात घातला, पाकिटावर शाखेचं नाव लिहिलं आणि दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. संध्याकाळी शाखेतल्या शिपाईमामांनी स्टँडवरून ते आणलं, मॅनेजर मॅडमनी फोनवर मी सांगितली तशी एक कमांड टाइप केली आणि म्हणाल्या, “झालं का? एवढंच होतं?”